चार भोकं, पाच कुलपं

१

कुलपं चार होती. चारही निघाली. चौघांनी रजिस्टरात सह्या केल्या. आणि तरीही पेटीला एक कुलूप लटकत होतं.

मला फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी दुसरा चहा घेत होते. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. एक कुलूप तोडायचंय, तुमची सही हवी." चौकशी अधिकारी म्हणून मी एकवीस वर्षं काढली. पाच मिनिटांचं काम म्हणून जे जे माझ्यापुढे आलं, त्याने माझा अख्खा दिवस खाल्ला आहे. मी पर्समध्ये बिस्किटांचा पुडा टाकला आणि निघाले.

समुद्रात आमच्या नऊ तरंगत्या पवनचक्क्या आहेत, एकाच केबलवर ओवलेल्या. प्रत्येक चक्की तीन साखळ्यांनी तळाशी बांधलेली. आतला मोठा भाग बिघडला तर तो भर समुद्रात बदलता येत नाही. मग तिची केबल सोडायची, साखळ्या सोडायच्या, टग नावाच्या ओढबोटीने गोदीत आणायची, दुरुस्त करायची आणि परत नेऊन जोडायची. पाच नंबरची चक्की अशीच दुरुस्त होऊन परत गेली होती. तीन दिवस जोडणीचं काम चाललं. त्या तीन दिवसांत सगळी ओळ बंद होती, कारण चालू केबलला हात लावणारा माणूस हात लावल्याचं सांगायला उरत नाही.

वीज चुकून चालू होऊ नये म्हणून एक साधी युक्ती असते. किनाऱ्यावरच्या स्विचरूममध्ये वीज चालू करायची चावी एका लोखंडी पेटीत ठेवतात. पेटीच्या कडीवर एक पोलादी पट्टी असते. कामावर जाणारा प्रत्येक जण त्या पट्टीत स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली गळ्यात अडकवून जातो. परत आल्यावर ज्याचं त्याने काढायचं. एक जरी कुलूप राहिलं तरी पेटी उघडत नाही, कारण त्याचा अर्थ एक माणूस अजून तारांपाशी आहे.

"सगळी माणसं परत आलीत?" मी पोचल्या पोचल्या विचारलं.

"तीनदा मोजली," मॅनेजर म्हणाला. "चक्कीवर चिटपाखरू नाही. हे कुणीतरी पाचव्याने लावलंय, मॅडम. वारा इतका छान सुटलाय आणि माझ्या नऊ चक्क्या ढिम्म उभ्या आहेत. पाच वाजता मला वर उत्तर द्यायचंय. तोवर मालक सापडला तर ठीक. नाहीतर तुम्ही सही करा, मी कुलूप तोडतो, आणि नानांना या पेटीवरून काढतो. कायमचं."

"नाना कोण?"

त्याने हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. तिथे स्टुलावर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर रजिस्टर होतं आणि ते त्यातल्या चार सह्यांकडे टक लावून बघत होते.

"पेटी यांच्या ताब्यात," मॅनेजर आवाज न उतरवता म्हणाला. "आणि गंमत अशी की त्या चार सह्यांपैकी दोन यांच्या घरच्या आहेत."

२

नाना बावीस वर्षं पेटी सांभाळत होते. बावीस वर्षांत एकालाही विजेचा झटका बसलेला नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. स्विचरूमच्या दारावर तसा बोर्डच होता. दर वर्षी आकडा बदलायला खडू नानाच घ्यायचे.

"ताई, मला काढलं तर काढू देत," ते म्हणाले. "पण माझ्या पेटीवर बिननावाचं कुलूप आलं कसं, ते तरी कळू दे. हे काही मी घरी जाऊन विसरू शकणार नाही."

मी कुलूप पाहिलं. पितळी, जाडजूड, वापरलेलं, कडेला हिरवट डाग. नाव नाही, खूण नाही.

"कामाची कुलपं अशी नसतात," नाना म्हणाले. "कंपनी देते ती लोखंडी. कप्तानाच्या कुलपावर पांढरा पट्टा, पैलवानाच्या कुलपावर पिवळा. सुनेच्या कुलपाला निळी पट्टी आणि आमच्या हिच्या कुलपाला लाल लोकर गुंडाळलेली. आणि नियम असा की हे कुलूप पेटीशिवाय दुसऱ्या कशालाही लावायचं नाही. बाकी वेळ ते खिशात."

"सकाळी काय झालं ते सांगा. जसं झालं तसं."

"काल टग रात्री उशिरा परत आला, म्हणून कुलपं आज काढायची होती. आठ वाजल्यापासून एकेक जण आला. आधी कप्तान, मग पैलवान, मग सून, शेवटी ही. आमच्याकडे पद्धत आहे, कुलूप काढलं की टेबलावर आपटायचं. ठक! मग सही. चार वेळा ठक झालं. चार सह्या झाल्या. मी चावी घ्यायला वळलो, तर..." त्यांनी पेटीकडे हात केला.

"म्हणजे कुलूप काढताना तुम्ही बघत नव्हता?"

नानांनी रजिस्टर बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "माझी पाठ असते. मी रजिस्टर उघडून तारीख-वेळ लिहीत असतो. मी ऐकतो, ताई. बावीस वर्षं ऐकतच आलोय." त्यांचा चेहरा पडला. खोटं बोलून सुटायची संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. तिथेच मला हा माणूस आवडला, आणि माझी सही स्वस्तात द्यायची नाही हे मी ठरवलं.

मी पेटीसमोर उभी राहिले. पट्टीला चार भोकं होती. मी ती मोजली आणि मग दुसऱ्यांदा मोजली.

"नाना, माणसं चारपेक्षा जास्त असली तर काय करता?"

"दुसरी पट्टी जोडतो. या वेळी चौघंच होते, एका पट्टीत भागलं."

पितळी कुलूप डावीकडून तिसऱ्या भोकात होतं. मॅनेजर दारातून घड्याळ दाखवत होता. मी त्याला म्हटलं, "साहेब, तुमचा पाचवा माणूस विसरा. तो नाहीच."

३

"नाही म्हणजे?" मॅनेजरच्या भुवया वर गेल्या.

"चार भोकांत आज सकाळपर्यंत चार कुलपं होती, चौघांची. प्रत्येक भोक भरलेलं. मग पाचवं लावलं कुठे? जागा व्हायला आधी एक कुलूप निघायला हवं. आणि पहिलं कुलूप निघालं ते आज आठ वाजता."

"म्हणजे आठनंतर कुणीतरी बाहेरचा..."

"आठनंतर या खोलीत नाना होते आणि ते चौघे. चौघांपैकी एकाने आपलं कुलूप काढलं, त्याच भोकात हे घातलं, आपलं टेबलावर आपटलं आणि सही करून गेला. किंवा गेली."

मॅनेजर नानांकडे बघायचा थांबला, पण फार वेळ नाही. "मग घरच्यांपैकीच कुणीतरी," तो म्हणाला. "नानांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं असणार."

कप्तान टगवर होता. टग धक्क्याला बांधलेला असूनही हलत होता, त्यामुळे मी त्याला खाली बोलावलं. समुद्राच्या कामाची चौकशी करते म्हणून लोकांना वाटतं मला समुद्र आवडतो. मला तर बोटीचं चित्र पाहूनही मळमळतं.

कप्तान गडगडाटी हसणारा, भल्या मोठ्या पोटाचा माणूस. त्याच्याकडे कारण होतं आणि त्याने ते स्वतःच सांगून टाकलं. "काम संपलं की माझा टग दोन महिन्यांसाठी दूर जाणार. इकडे माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. काम आणखी आठवडाभर लांबावं असं मला वाटतं का? वाटतं! पण त्यासाठी मी पेटीला हात लावीन? मॅडम, त्या पेटीच्या भरवशावर मी माझी माणसं पाठवतो."

"कुलूप काढलंत तेव्हा किती राहिली?"

"तीन. ते सगळेच मोजतात. शेवटचं कुलूप ज्याचं, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा इथला कायदा आहे. मी पहिला आलो ते उगीच नाही."

पैलवान म्हणजे साखळ्या जोडणारा. हे नाव त्याला कुणी दिलं त्याला बक्षीस द्यायला हवं, कारण वाऱ्याच्या दिवशी त्याला साखळीने बांधावं लागेल अशी अंगकाठी. तो सुरुवातीपासूनच गाल फुगवून बसला होता.

"मागच्या वेळी मी कुलूप काढायचं विसरून घरी गेलो," तो म्हणाला. "तापाने फणफणलो होतो. किल्ली भावाबरोबर पाठवली तर नाना म्हणाले, चालणार नाही, ज्याचं त्यानेच काढायचं. मला चादर गुंडाळून यावं लागलं, मॅडम! चादर!"

"म्हणून तुम्हाला नानांचा राग आहे."

"आहेच. पण त्यांचंच बरोबर होतं, म्हणून जास्त राग आहे."

मला हसू आवरलं नाही, तसा तोही हसला. मी विचारलं, "तुम्ही निघालात तेव्हा पट्टीवर काय होतं?"

"दोन कुलपं. निळं आणि लोकरीचं. घरातलंच कुणीतरी चहा पाजणार म्हणून मी खुशीत निघालो."

"पितळी नव्हतं?"

"असतं तर तीन झाली नसती का?"

त्याने ते इतक्या सहज सांगितलं की मी वहीत लिहायचंच विसरले. दोघं सुटले होते आणि आता उरली होती फक्त नानांच्या घरची माणसं. मॅनेजरला हे ऐकून किती आनंद होईल ते मला आत्ताच दिसत होतं.

४

नानांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. त्या केबलच्या जॉइंटर. चक्की परत आली की केबलचं टोक चक्कीच्या टोकाला जोडायचं काम त्यांचं. हा सांधा नीट बसला तर वीज जाते. पाणी शिरलं तर सांधा जळतो. या किनाऱ्यावरचे निम्मे जॉइंटर त्यांच्या हाताखाली शिकलेले. बोटं अशी की बघत राहावं. माझ्याशी बोलतानाही त्या एका तारेच्या तुकड्याचं वेटोळं करत होत्या.

"यांना काढणार म्हणे," त्या म्हणाल्या. "काढून तर बघू देत. मग सांधे कोण जोडतंय तेही मी बघते."

"काकू, सकाळी तुम्ही शेवटच्या होतात."

"नेहमीचीच. नेहमी चहा माझाच. आज मात्र माझ्या शेजारी आणखी एक कुलूप होतं. म्हटलं, चला, सूनबाई अजून यायचीय, आज चहा तिचा!"

"तिची सही तर तुमच्या वरच होती."

"ते कुठे बघत बसू? हे बोट ठेवतात तिथे मी सही करते."

"शेजारचं कुलूप पितळी होतं, ते कळलं नाही?"

"कुलूप ते कुलूप," काकू तुटकपणे म्हणाल्या आणि तार जरा जास्तच जोरात वळवली. मी हा विषय तिथेच सोडला.

सून डायव्हर. साखळ्या नीट बसल्या का, केबल पाण्यात नीट लोंबते का, हे ती खाली जाऊन बघते. नानांचा मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने बाहेर, त्यामुळे घरी ही तिघंच. ती कपडे बदलायच्या खोलीत होती. ओले सूट दांडीवर टांगलेले, फरशीवर पाणी, कोपऱ्यात प्रत्येकाची सामानाची पेटी. ती स्वतःच्या पेटीवर बसली होती. मला बघून उठली आणि बसायला तीच पेटी पुढे केली. बोलणं अगदी मोजून-मापून.

"तुम्ही कुलूप काढलंत तेव्हा किती राहिली होती?"

"लक्ष नाही दिलं."

"इथे सगळेच मोजतात, असं ऐकलं."

"मी दमले होते."

"पितळी कुलूप कुणाचं असेल?"

"नानांना खरंच काढणार आहेत का?" तिने उलट विचारलं.

मी उठले, आणि ज्या पेटीवर बसले होते तिच्याकडे नजर गेली. पेटीला कुलूप होतं. लोखंडी, आणि त्यावर निळी पट्टी.

५

दुपारी मी एकटीच गोदीच्या भिंतीवर बसले आणि बिस्किटं खाल्ली. कुणी लावलं हे कळलं होतं. पैलवान निघाला तेव्हा दोन कुलपं, दोन्ही खुणांची. काकू आल्या तेव्हाही दोन, पण त्यातलं एक पितळी. मध्ये आली ती फक्त सून. जे कुलूप पेटीशिवाय कशालाही लावायचं नाही, ते तिच्या सामानाच्या पेटीला होतं, कारण त्या पेटीचं पितळी कुलूप स्विचरूममध्ये अडकलं होतं. खाऱ्या पाण्यातल्या सामानाला पितळीच कुलूप लावतात, लोखंडी गंजतं.

पण का, ते काही कळेना. वीज चालू होऊ नये असं वाटत असेल तर आपलं कुलूप काढायचंच नाही, इतकं सोपं. मग सगळे विचारतील, बाई, का काढत नाहीस? म्हणजे तिला वीज अडवायची होती, पण कारण सांगायचं नव्हतं. नानांवर शेकेल हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. एक गोष्ट झाकायला जावं तर दुसरीच उघडी पडावी, अशी तिची गत झाली होती.

अडीचला मी सगळ्यांना स्विचरूममध्ये बोलावलं. नाना स्टुलावर, काकू त्यांच्यामागे, कप्तान आणि पैलवान दारापाशी, सून भिंतीला टेकून, मॅनेजर हातात कटर घेऊन. मी पट्टी दाखवली, भोकं मोजून दाखवली, कुणाच्या वेळी किती कुलपं होती ते सांगितलं. पैलवानापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मला तिचं नाव घ्यायचं नव्हतं. तिनेच ते घ्यावं, असं वाटत होतं.

तिने फार वेळ लावला नाही.

"कुलूप माझं आहे," ती म्हणाली. "नानांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना काही करू नका."

मॅनेजरने सुस्कारा सोडला. "मग काढ की बाई!"

तिने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "नाही काढणार," ती म्हणाली.

६

खोलीत एकच गलका झाला. काकूंचा आवाज सगळ्यांच्या वर. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? सासऱ्याची नोकरी जातेय आणि तू..." सून त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला दंडाला धरून बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं.

"त्यांच्यासमोर नाही सांगता येणार ना?" मी विचारलं.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने खिशातून प्लास्टिकचं एक पाकीट काढलं. आत तळहाताएवढी काळी रबरी रिंग. "सांधा जोडताना अशी जुनी रिंग काढून नवी घालायची असते," ती म्हणाली. "काल काम झाल्यावर मी आईंची हत्यारं भरत होते. त्यांच्या पिशवीत हे पाकीट मिळालं, नव्या रिंगचं, आणि रिंग आतच. त्या घालायला विसरल्या, ताई."

"चाचणी झाली असेल ना?"

"दहाच मिनिटं, वारा वाढत होता. बाहेर आणखी एक रिंग असते, ती काही दिवस पाणी अडवते. मग सांधा जळणार. त्या वेळी चक्कीवर कोण असेल कुणास ठाऊक. काल रात्री घरी धीर झाला नाही. वाटलं, एक दिवस मिळाला तर आईंना घरी हळूच सांगेन, त्या आपण होऊन सांधा उघडतील, कुणाला कळणार नाही." ती थांबली. "त्यांना आताशा दिसत नाही नीट. मागच्या महिन्यात सुई माझ्याकडे दिली ओवायला. म्हणाल्या, सवय राहिली नाही. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं."

मी पाकीट हातात घेतलं. मला रिंगांमधलं ओ की ठो कळत नाही, पण वस्तू हातात फिरवून बघायची माझी सवय आहे. पाकीट कात्रीने सरळ कापलेलं होतं आणि तोंड दुमडलेलं. रिंग मी भिंतीच्या कठड्यावर ठेवली. ती एका बाजूवर स्थिर बसली. उलटी ठेवली तरी तशीच. तिच्या दोन्ही कडा चपट्या झाल्या होत्या, खूप वर्षं कशाखाली तरी दबून राहिल्यासारख्या.

"नवी रिंग अशी असते?" मी विचारलं.

तिने बोट फिरवून पाहिलं. मग परत फिरवलं. "मी सांध्याचं काम कधी केलं नाही," ती हळूच म्हणाली. "मी नेहमी खाली, पाण्यात असते."

मी दार उघडलं आणि रिंग पाठीमागे धरून काकूंना विचारलं, "काकू, नवी रिंग घातल्यावर जुनीचं काय करता?"

"नव्या रिंगच्या पाकिटात घालते," काकू म्हणाल्या. "सुटी टाकली की कुणीतरी शहाणा तीच उचलून बसवतो. गोदीत परत नेऊन मोडायची असते ती. मला माझ्या गुरूंनी तसंच शिकवलंय. का?"

सुनेने डोळे मिटून घेतले. मी पाकीट टेबलावर ठेवलं. काकूंनी ते पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि त्यांना सगळं एकदम कळलं.

"म्हणजे मी रिंग विसरले, असं वाटलं तुला," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"पस्तीस वर्षं जोडतेय मी."

"हो, आई."

मॅनेजर खुलला. "चला, म्हणजे सगळं ठीकच आहे! काढा कुलूप!"

"काढायचं नाही," काकू म्हणाल्या.

७

आता मात्र मॅनेजरने कपाळावर हात मारला. काकूंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "जुनी रिंग पाकिटात आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे नवी आत गेली. पण सरळ गेली की तिरकी, हे मी बोटांनी पाहिलंय. डोळ्यांनी नाही. काल मला तिथलं दिसत नव्हतं." हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, ते त्यांच्या बोटांकडे बघून कळत होतं. बोटं पहिल्यांदाच थांबली होती. "तासभर चाचणी घ्या. दोन रिंगांच्या मध्ये हवा भरायची आणि दाब टिकतो का बघायचा. काटा मी वाचणार नाही. ही वाचेल."

"जाऊन यायला, चाचणीला... पाच वाजतील!" मॅनेजर म्हणाला.

"मग आत्ताच निघायला हवं," कप्तान म्हणाला, आपलं कुलूप पट्टीत घातलं आणि निघालाही. पाठोपाठ काकूंचं आणि पैलवानाचं कुलूपही लागलं.

चाचणीला माझ्यासारखा साक्षीदार लागतो असं नियमात आहे. तो नियम लिहिणाऱ्याला मी त्या दिवशी भरपूर शिव्या घातल्या. जाताना दोनदा आणि चक्कीला लागल्यावर एकदा माझं पोट रिकामं झालं. पैलवानाने मला बादली धरली आणि कप्तानाने जन्मभर पुरेल इतकं हसून घेतलं. वर चक्कीची पाती मात्र एवढी मोठी आणि इतकी शांत उभी होती की मळमळतानाही मी त्यांच्याकडे बघत राहिले.

सांधा चक्कीच्या डेकवरच होता. काकूंनी नळी लावली, हवा भरली, झडप बंद केली. सून काट्यासमोर मांडी घालून बसली. दर पाच मिनिटांनी ती आकडा मोठ्याने सांगायची आणि मी लिहायचे. काकू तिच्या शेजारी, डोळे मिटून. पहिल्या वीस मिनिटांत काटा बारीकसा खाली आला. पण सुनेने आकडा आहे तो सांगितला.

"हवा थंड होतेय," काकू म्हणाल्या. "थांब. आता स्थिरावेल."

काटा स्थिरावला. चाळिसाव्या मिनिटाला तोच आकडा, पन्नासाव्याला तोच, साठाव्यालाही तोच. पैलवानाने टाळी वाजवली आणि मग जरा लाजला.

काकूंनी नळी काढली, हात पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "माझं नाव वाचवायला निघालीस, ते बरं केलंस. पण पुढच्या वेळी माझ्या तोंडावर सांगायचं, कुलपाला नाही. ऐकून मी ओरडेन. ओरडू द्यायचं."

"तुम्ही ओरडलात की मला भीती वाटते, आई."

"मलाही वाटते, डॉक्टरकडे जायची," काकू म्हणाल्या. "उद्या आपण दोघी जाऊ."

बाकीच्यांची कुलपं निघाल्यावर, पाचला सात मिनिटं कमी असताना सुनेने पितळी कुलूप काढलं. नाना या वेळी तिच्या समोर उभे होते आणि डोळ्यांत तेल घालून तिच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी पेटी उघडली, चावी घेतली आणि फिरवली. भिंतीवरचे नऊ दिवे एकामागून एक हिरवे झाले.

मी अहवाल तिथेच टेबलावर लिहिला. कुलूप लावलं हा गुन्हा नाही. शंका आली तर कुणीही लावावं, त्यासाठीच ती पेटी आहे. त्यावर नाव नव्हतं, ही चूक. डायव्हरला लेखी समज. नानांनी पाठ फिरवली, हीही चूक, आणि त्यांनी ती विचारल्याबरोबर कबूल केली. यापुढे त्यांनी बघून लिहावं. पेटी नानांकडेच असावी, असं मी शेवटी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मॅनेजरने अहवाल दोनदा वाचला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त सकाळपासून घाबरलेला होता. त्याने सही केली, कटर कपाटात ठेवला आणि दारापाशी थबकून म्हणाला, "नाना, उद्या आठला या. परवा दुसरा टग येतोय, सहा नंबरची चक्की सोडायची आहे."

"येतो," नाना म्हणाले. मग त्यांनी रजिस्टर बंद केलं.

मी बाहेर पडले तेव्हा तिघं माझ्या पुढे होती. स्विचरूमच्या बाहेर उंच दगडी पायऱ्या आहेत. इथली माणसं म्हणतात की काकू त्या नेहमी एकट्या आणि सगळ्यांच्या पुढे उतरायच्या, भिंतीला हात लावून, कुणाचीही मदत न घेता. त्या दिवशी त्या वरच्या पायरीवर थांबल्या, सगळ्यांदेखत हात पुढे केला आणि सुनेचा दंड धरला.

"किती आहेत गं?" त्यांनी विचारलं.

"अकरा, आई," ती म्हणाली. "चला, मी मोजते."